घडी घातलेलं वाक्य

इंग्रजीतलं मिश्र वाक्य शिकवायची माझी एक पद्धत आहे. एकीने कागदावर अर्धं वाक्य लिहायचं, घडी घालून शेजारणीला द्यायचं. शेजारणीने वरचं न बघता उरलेलं लिहायचं. जोड विचित्र जमली की मुली खो खो हसतात आणि व्याकरण डोक्यात बसतं.

त्या मंगळवारी दुपारी पाच मुली शिकवणीला आल्या होत्या. माझा नवरा सफवत बोटीचा रईस, म्हणजे तांडेल. अकरा जणांची त्याची बोट परतायला नऊ दिवस उशीर झाला होता. नुसतं बसून डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून मी शिकवत होते.

पहिला कागद उघडला. ‘मिसनी चहा ठेवला असला तरी, भांडं करपलं आहे.’

मुली हसल्या. मी स्वयंपाकघरात धावले. भांडं काळंठिक्कर पडलं होतं.

दुसरा कागद. ‘आई बाजारात गेली असेल तर, किल्ली शेजारच्या उम्म हानीकडे आहे.’

वरचं अर्धं अबीरने लिहिलं होतं. तिने मोबाइल पुढे केला. आईचा निरोप नुकताच आला होता, अगदी हाच.

दोन्ही कागदांवर खालचं अर्धं वाक्य रबाबच्या अक्षरात होतं.

“आगाऊपणा पुरे हं, रबाब.”

“अल्लाची शपथ, मिस! मी दोन्हीकडे मांजरीबद्दल लिहिलं होतं.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी कोरा कागद ओढून लिहिलं, ‘सफवत घरी आला की,’ आणि घडी घालून तिच्यापुढे सरकवला.

“मिस, नको ना.”

“लिही. मांजरीबद्दलच लिही.”

तिने लिहिलं. मी उघडलं.

‘अकरा जणांचं जेवण लागेल.’

मी आनंदाने रडले. आमच्याकडे बोट परतली की सगळे खलाशी आधी रईसच्या घरी जेवतात. मुलींना घरी पाठवून मी पातेलंभर भात आणि मासे शिजवले, बैठ्या मेजाभोवती अकरा उशा मांडल्या.

सूर्य मावळायच्या आत सफवत आला. एकटाच.

“बाकीचे?”

“बोट पहिल्याच रात्री बुडाली, नजवा.”

मी त्याला घट्ट धरलं. तो जिवंत होता, मला दुसरं काही नको होतं. मी त्याचं ताट वाढलं. तो गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यातल्या उशीवर अंग चोरून बसला.

“अरे, ऐसपैस बस ना.”

“कसा बसू?”

मग डावीकडे वळून तो हळूच म्हणाला, “सरक रे जरा.”

त्याच्या डावीकडची उशी दबलेली होती. ती सावकाश फुगून वर आली.