चांदबीबीला कुणी विचारलं?

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालाजवळ आलं की अर्पिताची गाडी हमखास अडायची. बारावीच्या मुली सेल्फीत गुंग होत्या, बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार ओढण्यांवर बसत होते, आणि अर्पिता मॅडम आवाज चढवून सांगत होत्या, "बहामनी राज्य फुटलं, पाच शाह्या झाल्या. पुढे विजयनगरशी लढायचं म्हणून अहमदनगर आणि विजापूर एक झाले. निजामशहाची मुलगी चांदबीबी आदिलशहाला दिली, आणि आदिलशहाची बहीण... बहीण..."

"निजामशहाच्या पोराला," मागून कुणीतरी म्हणालं. "साटंलोटं झालं की वो मॅडम. तुमची पोरगी आमाला, आमची तुमाला."

मुली फिसकन हसल्या. अर्पिताने वळून पाहिलं. भिजलेला शर्ट, चष्म्यावर थेंब, आणि त्या थेंबांआडून हसणारे डोळे.

"इतिहास शिकवता का तुम्ही?"

"न्हाय वो, सोलापुरात पंपाच्या कारखान्यात हाय. आमच्याकडं साट्याबिगर लगीनच जमत न्हाय, म्हनून ध्यानात ऱ्हातंय."

"मग हुंड्यात काय गेलं, ते सांगा."

"ते न्हाय माहीत."

"सोलापूरचा किल्ला. चांदबीबीबरोबर विजापूरकरांना मिळाला."

"म्हंजी म्या हुंड्यातल्या गावात नोकरी करतोय?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला हसू आवरेना. नाव विचारायचं मात्र राहून गेलं. बेंबळीला, गावी पोचेपर्यंत एसटीत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती, आणि कशाला हसतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

घरी बलभीमअण्णा, म्हणजे तिचे वडील, वाटच बघत होते. "कुलदीपचं जमतंय. माकणीची ज्ञानेश्वरी. दोघांची पसंती हाय." मग त्यांनी नजर चुकवली. "फकस्त त्यांना साटं पाहिजे. तिच्या भावाला, सिद्धेश्वरला, तू. ऐतवारी येतेत."

शेती करणाऱ्या कुलदीपदादाला आजवर किती नकार आले होते, ते अर्पिताला ठाऊक होतं. तिने नाही म्हटलं की हेही मोडणार. ती काहीच बोलली नाही, आणि घराने ते होकारात धरलं.

रविवारी चहाचा ट्रे घेऊन ती बाहेर आली. समोर तोच चष्मा! तिला आनंद झाला. आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला, आणि मग तर सगळा गुंताच झाला.

बोलायला म्हणून दोघांना परसात धाडलं. शेवग्याच्या झाडाखाली सिद्धेश्वर बराच वेळ शेंगाच बघत राहिला.

"एक इचारू? तुमी व्हय म्हनलात, तर ते भावासाठी का माज्यासाठी... ह्ये कसं कळायचं?"

"मलाच कळत नाहीये," ती खरं तेच बोलली.

"न्हाय म्हनायची सोय हाय का तुमाला?"

पलीकडे कुलदीपदादा नवा शर्ट घालून उगाच ट्रॅक्टर पुसत होता. तिने मान हलवली. नाही.

"बरं," एवढंच म्हणून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी माकणीहून फोन आला. पोराला पोरगी नापसंत. ज्ञानेश्वरी मात्र हट्टाला पेटलीय, तेव्हा साट्याविना लग्न करू. इकडे आईला हसावं की रडावं असं झालं. अर्पिताला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटेना. मग किल्ल्यावर हसला कशाला? शेवग्याखाली तसं विचारलं कशाला? त्या आठवड्यात तिने वर्गात निजामशहाला थेट विजापूरच्या गादीवर बसवलं.

माकणीत लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगत बसली. नवरीचा भाऊ बुंदी वाढत वाढत तिच्यापाशी आला. तिने ताटावर आडवा हात धरला.

"नापसंत माणसाला आग्रह कशाला?"

तो तिथंच खाली बसला. "दुसरं कायच सुचलं न्हाय. तुमी न्हाय म्हनला असता, तर भावाचं मोडलं असतं. म्या म्हनलं तर आई नुसती चिडती. ज्ञानूला आदीच सांगितलं हुतं, तू हटून बस म्हनून."

"आणि मला? मला सांगायला काय झालं होतं? महिनाभर आरशापुढे उभी राहून माझ्यात काय खोट आहे ते शोधत होते मी."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माजं. सांगितलं असतं तर तुमी उपकार मानून व्हय म्हनला असता. त्ये बी साटंच की..." त्याने चष्मा सारखा केला. "आता अक्षता पडल्यात. आता कुनाचं कायच मोडत न्हाय. चांदबीबीला इचारलं हुतं का वो कुनी?"

"नसेल विचारलं. तह ठरला, झालं."

"म्हनून म्या इचारतोय. न्हाय म्हनलात तरी चालतंय. बुंदी वाढून फुडं जातो."

मांडवात वाजंत्री चालूच होती. अर्पिताने मनाशी दादाला बाजूला काढलं, अण्णांना काढलं, आईलाही काढलं. तरी तो चष्मा समोर होताच. तिने ताटावरचा हात काढला.

"वाढा. पण सोलापूर पाहिजे मला."

"भाड्याच्या दोन खोल्या हायत. पानी रोज येत न्हाय."

"चालेल."

त्याने बुंदी वाढली, आणखी वाढली, आणि वाढतच राहिला. शेजारच्या गजराबाई मावशी शेवटी म्हणाल्या, "पाव्हनं, फुडं सरका की. आमीबी जेवायलाच बसलोय."