तीन वाजून दहाचा हिरवा ठिपका

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीमागे, पेसमेकर तपासायची खोली होती. खोली कसली, बोळच तो. एक बाक, एक पडदा, दोन कॉम्प्युटर, आणि खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. तिथे एकवीस वर्षं काम करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे ‘मीटर’ म्हणायचे, कारण जेवणात मीठ कसं झालंय एवढं विचारलं तरी हा माणूस उत्तर ग्रॅममध्ये द्यायचा. त्याला या नावाचा राग नव्हता, उलट मनातून जरा अभिमानच होता.

सकाळी आल्या आल्या यादी बघायची. ज्यांच्या छातीत पेसमेकर असतो त्यांच्या उशाशी एक छोटा डबा ठेवलेला असतो. तो दिवसातून एकदा पेसमेकरची विचारपूस करतो आणि हॉस्पिटलला रिपोर्ट धाडतो. सगळं ठीक असेल तर नावापुढे हिरवा ठिपका, कुरकुर असेल तर पिवळा, धावाधाव करायची असेल तर लाल. मीटर आधी लाल बघायचा, मग पिवळे. हिरव्यांकडे कोण बघतं?

त्या सोमवारी बघावं लागलं, कारण हिशेब जुळेना. रजिस्टरात माणसं दोनशे अकरा आणि यादीत दोनशे बारा. एका नावाने आभाळ कोसळणार नव्हतं, पण मीटरला चैन पडेना. तो एकेक नाव बोटाने टिपत खाली आला आणि लिफ्टवाल्या काकांपाशी थांबला.

काका जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि शेवटचा रिपोर्ट होता कालचा, दुपारी तीन वाजून दहाचा.

दोष आपलाच, हे मीटरला लगेच कळलं. माणूस गेला की त्याची फाइल बंद करायची, गेल्याची तारीख टाकायची, हे काम त्याचं. त्या एका फाइलवर त्याचा हात दोनदा गेला होता आणि दोनदा परत आला होता. आठ वर्षं काका दर तीन महिन्यांनी तपासायला यायचे, बरोबर काकू. उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं आणि स्वतः राहायचे तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. जिन्यात काकू पुढे, हे एक पायरी मागे. काकू धाप लागून थांबल्या की पाठीवर हलकी टपली मारून म्हणायचे, “चला, एकच मजला राहिला.” पहिल्या मजल्यावर असले तरी एकच म्हणायचे.

पेसमेकर बसवला तेव्हा मीटरने त्यांना नेहमीप्रमाणे समजावलं होतं, “काका, हे यंत्र आगाऊ नाही. आधी वाट बघतं. तुमचा ठोका आपणहून आला तर गप्प बसतं. नाही आला तरच बारीकसा धक्का देतं.”

“म्हणजे अगदी माझ्यासारखं,” काका म्हणाले होते. “हिचं बोलणं थांबलं तरच मी तोंड उघडतो.”

“आणि तेव्हाही चुकीचंच बोलता,” काकू म्हणाल्या होत्या.

रिपोर्टची दुपारची वेळही काकांनीच मागून घेतली होती, कारण तीनला ते बिछान्यात हमखास सापडायचे. मेंदूत रक्तस्राव झाला तोही तिथेच. हृदय बिचारं शेवटपर्यंत कामावर हजर होतं. अग्नी देण्याआधी नियमाप्रमाणे पेसमेकर काढून घेतला गेला, आणि तो पाकिटात घालून मीटरनेच आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता, कापलेल्या वायरीच्या बोटभर तुकड्यासकट.

मीटरने मागचे रिपोर्ट उघडले. काका गेल्यावर सहा दिवस काहीच नव्हतं. डबा काकांच्या घरी आणि पेसमेकर इथे ड्रॉवरमध्ये, तरी सातव्या दिवसापासून रोज, तीन दहाला, न चुकता. त्यात लिहिलं होतं की शंभरातले अडतीस ठोके यंत्राला द्यावे लागताहेत.

त्याने कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, एकदा बंद करून चालू करून बघता का?”

“माणूस की मशीन?” मीटर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने ड्रॉवर उघडला. पाकीट हाताला कोमट लागलं. खाली कॉम्प्युटर तापतो, त्याचा परिणाम असेल. त्याने तपासणीचं यंत्र जवळ धरलं आणि आकडे वाचले. बॅटरी, अकरा आठवडे. वायरीचा रोध, पाचशे चाळीस ओहम.

तो आकडा त्याने तीनदा वाचला. वायर जिवंत हृदयाला टेकलेली असली तर रोध पाचशेच्या आसपास येतो. तुटलेली वायर हवेत लोंबत असेल तर स्क्रीनवर येतं, ‘मोजता येत नाही’. मीटरने वायरीचं कापलेलं टोक बघितलं. ते पाकिटाच्या कोपऱ्यात होतं, कशालाही न टेकलेलं.

त्याने कोणाला काही सांगितलं नाही. हृदयविभागाच्या डॉक्टरबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आधी त्यालाच बाकावर झोपवलं असतं.

गुरुवारी काकू तपासणीला आल्या. बरोबर मुलगी होती, आईसाठी रजा काढून आलेली. काका गेले त्याच्या सातव्या दिवशी काकूंच्या छातीत कळ आली होती आणि त्या चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, पण हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगून बसलं होतं. डॉक्टरबाईंनी मुलीला समजावून सांगितलं ते मीटर पडद्याअलीकडून ऐकत होता.

“मोठा धक्का बसला की शरीरात काही द्रव्यांचा एकदम लोंढा येतो आणि हृदयाचा स्नायू त्याने बधिर होतो. दुःख झालं म्हणतो ना आपण, ते नुसतं मनाला होत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं. पण औषधं हवीत, जेवण हवं, झोप हवी, हळूहळू चालणं हवं. आणि एकटं बसून राहायचं नाही.”

“ती रडलीसुद्धा नाही हो,” मुलगी म्हणाली. “शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवलीय. दोन घास खाते आणि पुरे म्हणते.”

मीटरने काकूंचा ईसीजी काढला. कागद बाहेर आला आणि त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. बऱ्याचशा ठोक्यांच्या आधी एक बारीक, उभी, सरळ रेघ होती. ती रेघ त्याने एकवीस वर्षं पाहिली होती. पेसमेकर धक्का देतो तेव्हाच ती उमटते.

डॉक्टरबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. “यांना पेसमेकर कधी बसवला?”

“नाही बसवला,” मीटर म्हणाला.

“मग या रेघा? मीटर, तुमचं मशीन म्हातारं झालं. बदला.”

त्याने मशीन बदललं. रेघा आल्या. मग बॅटरीवर चालणारं तिसरं मशीन शेजारच्या विभागातून मागून आणलं. डॉक्टरबाई तोवर वर गेल्या होत्या आणि मुलगी औषधं घ्यायला रांगेत उभी होती. तिसऱ्या मशीनवरही रेघा आल्या.

पडद्याच्या पलीकडे काकू डोळे मिटून पडल्या होत्या. अलीकडे मीटर आणि ड्रॉवर.

पेसमेकर तपासायच्या यंत्रावर एक बटण असतं. ते दाबून धरलं की पेसमेकर तेवढा वेळ धक्के देत नाही, आणि हृदय स्वतःच्या जोरावर किती चालतं ते कळतं. रोज दहा वेळा दाबायचं बटण. शहाणा माणूस होता मीटर, त्याला फक्त एवढंच सिद्ध करायचं होतं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

त्याने पाकीट बाहेर काढलं. तपासणीचं यंत्र त्यावर धरलं. काकूंच्या ईसीजीच्या स्क्रीनवर नजर ठेवली आणि बटण दाबलं.

रेघा थांबल्या.

एक ठोका आला. मग दुसरा, उशिरा.

मग नुसतीच आडवी ओळ.

एक सेकंद. दोन.

तीन.

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या. हाक मीटरला नव्हती. “अहो, कुठे गेलात?”

मीटरचं बोट जणू बटणाला चिकटलं होतं. चार.

त्याने बोट उचललं.

उभी रेघ. ठोका. उभी रेघ. ठोका.

तो स्टुलावर बसला. ते चार सेकंद त्याने स्वतःला पुढे कधीच माफ केले नाहीत.

त्याने पडदा सारला तेव्हा काकू त्याच्याकडेच बघत होत्या. कपाळावर घाम होता, पण चेहरा शांत होता.

“मधेच सगळं थांबल्यासारखं होतं रे,” त्या म्हणाल्या. “मग पाठीवर टपली बसते. आणि चालू होतं.”

“केव्हापासून?”

“ते गेले त्याच्या सातव्या दिवसापासून. मुलीला बोलू नकोस, आई भ्रमिष्ट झाली म्हणेल.”

चार सेकंदांच्या थांब्याचा कागद मीटरने डॉक्टरबाईंना दाखवला, कसा मिळाला ते सोडून. त्या गंभीर झाल्या, काकूंना पेसमेकर बसवू या म्हणाल्या. काकूंनी साफ नकार दिला. “एका घरात एक पुरे,” म्हणाल्या. त्यावर कोणाची मात्रा चालेना. शेवटी औषधं वाढवून दर आठवड्याला तपासायचं ठरलं.

निघताना मीटरने त्यांना दारापाशी गाठलं. “काकू, तुमच्या हातात अकरा आठवडे आहेत. त्याच्या आत तुमचं हृदय आपल्या पायावर उभं राहायला हवं. का ते विचारू नका.”

काकूंनी विचारलं नाही. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “ते तरी किती पुरणार, नाही का?”

त्या दिवसापासून मीटर हात धुऊन काकूंच्या मागे लागला. मुलीला त्याने बजावलं, रजा वाढव. दोघी सकाळी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत चालत जायच्या. सुरुवातीला काकू पहिल्या मजल्यावरच बसून राहायच्या आणि मीटरला शिव्या घालायच्या. तिसऱ्या आठवड्यात मुलीने शिलाई मशीनवरची चादर काढली. खाली काकांची अर्धवट उसवलेली पँट होती, कमरेत सैल करायला घेतलेली. ती बघून काकू रडल्या. दुपारभर रडल्या, जेवायची वेळ टळून गेली तरी रडत होत्या. दुसऱ्या दिवशी मुलगी घाबरून मीटरला सांगायला आली, तर मीटरचेच डोळे भरून आले. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये अडतीसचे एकतीस झाले होते.

मग चोवीस. मग सतरा. एकदा सर्दीखोकला झाला तेव्हा पुन्हा बावीसवर गेले आणि मीटरला जेवण गेलं नाही. रोज दुपारी तीनला तो हातातलं काम टाकून यादीसमोर बसायचा. तीन दहाला हिरवा ठिपका आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मग तो ड्रॉवर उघडून बॅटरी बघायचा. सहा आठवडे. चार. पाकीट कोमटच असायचं. कॉम्प्युटर त्याने केव्हाच दुसऱ्या टेबलावर हलवला होता.

डॉक्टरबाईंनी नव्याने सोनोग्राफी केली. हृदयाचं टोक पूर्वीसारखं झालं होतं. “बघा, भरून आलं,” त्या खुशीत म्हणाल्या. “आणि मीटर, तुमचं मशीनही सुधारलेलं दिसतंय.” ईसीजीच्या कागदावर शोधून काढावी लागेल अशी एकच उभी रेघ होती.

एका शुक्रवारी तीन दहा झाले आणि ठिपका आला नाही.

सव्वातीन. साडेतीन. मीटरने काकूंच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्याने पुन्हा लावला. चौथ्यांदा काकूंनीच उचलला, आणि त्यांना बऱ्यापैकी धाप लागली होती.

“काकू! कशा आहात?”

“अरे, बाजारातून आलेय, पिशवी तरी ठेवू दे. एकटीच गेले होते.” पिशवी ठेवल्याचा आवाज आला. “मीटर, आज तिन्ही मजले न थांबता चढले. वर आल्यावर सवयीने मागे वळून बघितलं.”

“मग?”

“जिना रिकामा होता रे,” त्या म्हणाल्या. रडत होत्या, पण श्वास सलग होता.

शनिवारी काकू स्वतः बस पकडून आल्या. मीटरने पूर्ण एक तास त्यांचा ईसीजी काढला. ठोके सरळ, स्वच्छ, सगळे त्यांचे स्वतःचे. त्या बाकावर पाय हलवत बसल्या होत्या आणि खोलीला रंगाची किती गरज आहे ते त्याला सांगत होत्या. जाताना त्यांनी काकांची ती पँट त्याच्यासाठी ठेवली, कमरेत त्याच्या मापाने बारीक करून. माप त्यांनी कधी घेतलं ते त्याला कळलं नाही.

त्या गेल्यावर मीटरने ड्रॉवर उघडला. पाकीट पहिल्यांदाच गार लागलं. त्याने तपासणीचं यंत्र जवळ धरलं. वायरीचा रोध, मोजता येत नाही. बॅटरी संपली असेल असं त्याला वाटलं होतं, म्हणून त्याने तो आकडाही वाचला.

बॅटरी नऊ दिवसांची शिल्लक होती.

मग त्याने काकांची फाइल उघडली आणि बंद करायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने विचारलं, रुग्ण गेल्याची तारीख? रजिस्टर समोरच होतं, त्यात काकांची तारीख शाईने लिहिलेली होती. मीटरने ते मिटलं. एकवीस वर्षांत त्याने एकही आकडा चुकीचा भरला नव्हता, आणि आताही आपण चुकीचा भरतोय असं त्याला वाटलं नाही.

त्याने कालची तारीख लिहिली. वेळेच्या रकान्यात, तीन वाजून दहा मिनिटं.