या जेवायला!

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. मी पुनीतचं ताट माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुनीत हा माझ्या थोरल्या भावाचा, लखीचंदचा नातू. जळगावला त्यांचं शेतीअवजारांचं दुकान आहे. मी धुळ्याला एकटी राहते. सगळे मला अक्का म्हणतात.

दुपारी दुकानात डबा उघडला की समोर गिऱ्हाईक असो, हमाल असो, पोस्टमन असो, माझा भाऊ हाक मारायचा, "या जेवायला!" येत कोणी नसे. म्हणायची रीत होती. पुनीत ते ऐकतच वाढला.

गेल्या नोव्हेंबरात तो इटलीला अवजारांच्या प्रदर्शनाला गेला. तीन दिवस नुसतं काम. गाव बघायला शेवटच्या दुपारचे चार तास उरले.

बायकोनं, चेलनानं, यादीच दिली होती. मनोरा, मोठं चर्च, कारंजं, जुना पूल. सोबत धुळ्याचा व्यापारी प्रेमराज. दोघं फोटो काढत नुसते पळत होते.

आमच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आणि तिथे थंडीत पावणेपाचलाच सूर्य मावळतो.

"भाऊ, आधी उजेडात मनोरा चढू, मग जेवा," प्रेमराज म्हणाला. "सूर्य काय तुमना नोकर शे का, थांबाले?"

"तो थांबत नाही म्हणून तर मी थांबतो. तू जा, चढून ये."

चर्चच्या मागे एक ओसाड अंगण होतं. मधोमध लांब, बसकी शिळा. पुनीत तिच्यावर बसला. डबा उघडला. मेथीच्या पुऱ्या, मुगाची कोरडी डाळ.

आणि सवयीनं तोंडून निघालं...

"या जेवायला!"

समोर कोणी नव्हतं. त्याचं त्यालाच हसू आलं.

घुमटामागे ऊन लाल झालं होतं. फोटोसाठी तो उठला, चार पावलं पुढे गेला.

मागून आवाज आला...

मचमच... मचमच...

तो वळला. अंगण रिकामं. कुत्रं नाही, मांजर नाही, कबूतरही नाही.

वरच्या पुरीचा घास तोडलेला होता.

कडा ओली. लाळेची तार डब्याच्या काठापर्यंत लोंबलेली. कुजक्या दातांचा भपकारा. घासाच्या खुणेत पुढच्या एका दाताची फट स्पष्ट दिसत होती.

त्यानं खालची पुरी उचलली. तीही तोडलेली. पण हा घास लहान होता...

पोराच्या तोंडाएवढा.

डाळ तर कोणीतरी चावून परत थुंकली होती.

त्यानं डबा तिथेच कचऱ्यात फेकला. विमानात बंद ताटलीवरचा कागद स्वतः फाडला. आत भात चघळलेला, त्यात पांढरा केस.

जळगावात तेच. घरात सगळ्यांची ताटं स्वच्छ, याचं तेवढं उष्टं. आमच्या घरात कोणी कोणाच्या पेल्याला तोंड लावत नाही हो! दोन महिन्यांत पोरगा अर्धा झाला.

मग एके सकाळी त्याची पाच वर्षांची जिनल घास तोंडात घेऊन थांबली.

"पप्पा, माझी पोळी कोणी चाटली?"

त्या दिवशी दुपारीच तो बायको-मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मी वाढलं. समोर बसून पाहत होते. पापणी लवली असेल, तेवढंच...

पोळीची कड ओली. दातांच्या खुणांसकट.

त्यानं फोन दाखवला. शिळेजवळच्या पाटीचा फोटो होता, मजकूर मराठी करून घेतलेला. जुन्या वेढ्यात अन्नावाचून मेलेले इथे एकत्र पुरले आहेत. संख्या माहीत नाही.

"अक्का, मी 'ये' नाही म्हणालो गं," तो म्हणाला. "'या' म्हणालो."

मला कळलं. बोलावल्याशिवाय ते आले नव्हते, आणि आपण पाहुण्याला कधी 'जा' म्हणत नाही. निघतानाही 'या'च म्हणतो. मग ते जाणार कसे?

"हात जोड," मी म्हटलं, "आणि स्पष्ट सांग."

तो रडवेला झाला. "पोटभर झालं असेल. आता... जा."

मागच्या दारातून गार, आंबूस वारा गेला. मी नवी पोळी वाढली. कोरडी. अख्खी. तो पाच पोळ्या जेवला, रडत रडत. जिनलनंही त्याच्याच ताटातला घास खाल्ला.

ऊन उतरायच्या आत ते निघाले. तिघं गाडीत बसले. मी दारात उभी. ऐंशी वर्षांची जीभ...

"या हं सगळे!" मी म्हणाले.

गाडी वळली. आणि माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघरात...

मचमच... मचमच...

पुनीतचं वजन वाढतंय. रोज फोन करतो, "अक्का, जेवलीस का?" मी हो म्हणते.

त्यांना 'जा' म्हणावंसं फार वाटतं. पण इथून निघाले तर कुठे जातील? जळगावचं घर त्यांना माहीत आहे.

आज सकाळी भाकरी केली. दूध आणायला वळले, तेवढ्यात तिच्यावर सात घास उमटले होते. दातांच्या खुणा खोल.

माझ्या तोंडात एकही दात नाही.