बिनपंख्याची पेटी

डोळे मिटा आणि बघा. घराच्या उंबऱ्यावर पुस्तकाएवढा एक संगणक बसलाय. इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला तो दरडावतो, ‘कोण तुम्ही? काय काम?’ त्याला म्हणतात फायरवॉल. आता डोळे उघडा. असाच संगणक घ्यायला एक आत्या भाचीला घेऊन दुकानात आली आहे. भाची दिसेल ते बटण दाबते, म्हणून तिचं नावच बटण.

परवा पावसाची सर चुकवायला आत्या या दुकानात शिरली होती. दुकानदाराने बटणला फायरवॉल समजावून सांगितली, अगदी हसत, न कंटाळता... आणि आत्या ऐकतच राहिली. काल तिने संगणकाची एक पेटी घरी नेली, आज तिसरी खेप. पेटी पसंत पडली की यायचं निमित्त संपणार, हे तिला ठाऊक होतं.

“कालची पेटी परत?” त्याने विचारलं.

“पंख्याचा फार आवाज येतो हो...”

त्याने पेटीवरून हात फिरवला. गालातल्या गालात हसला. “मग ही न्या.”

आत्याने नवी पेटी उलटसुलट पाहिली. “हिला तार जोडायचं एकच पोर्ट आहे!”

“हो का?”

“हो का काय! एकातून बाहेरचं इंटरनेट येणार, दुसऱ्यातून घरात जाणार. दोन हवेतच — तुम्हीच शिकवलंत ना बटणला? मास्तरच नापास?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चुकून नाही दिली. म्हटलं... उद्या परत आणाल.”

बाहेर पागोळ्या टिपटिपत होत्या. आत्याने पेटी हळूच खाली ठेवली.

“आणि एक सांगू?” तो हळूच म्हणाला. “कालच्या पेटीला पंखाच नाही. तिची उष्णता धातूच्या अंगातूनच निघून जाते.”

“अगंबाई!” आत्याने ओढणीत तोंड लपवलं. “म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“चोराच्या मनात चांदणं. मला फक्त माझं मन कळलं होतं.”

“मग ऐका... मलाही यायचंच होतं.”

मग कालचीच पेटी त्याने तिच्यापुढे सरकवली. “हीच न्या, उत्तम आहे. रविवारी बसवायला येऊ? आणि — त्याच्या पुढच्या रविवारी?”

“या की. आवाज आला नाही, तरी या.”

बटणने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. हे काही लवकर आटपत नाही, हे तिने ताडलं. तिने स्टूल ओढलं, दप्तर उघडलं आणि गृहपाठाला बसली.