पाण्यातलं फाटक

पुंगा द्यायचा होता झेफाला, आणि बसला भलत्याच माणसाला!

संत बेनेदितोचा सण होता. दुपार कलली होती, ढोल जाळावर शेकून चांगले तंग केले होते आणि रिंगणात निल्वा नाचत होती. तिचा फुलाफुलांचा घागरा असा काही फिरत होता की ढोल वाजवणाऱ्या पोरांचे हात चुकत होते, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपला नाच झाला की कडेला उभ्या असलेल्या दुसरीच्या पोटाला पोट हलकेच भिडवायचं... म्हणजे ‘ये बाई, आता तू’. यालाच पुंगा म्हणायचं. बायांनी बायांना द्यायचा. पुरुषांनी मुकाट ढोल बडवायचे, हा त्या किलोंबोचा कायदा. मळ्यांवरून पळून आलेल्या गुलामांनी वसवलेलं गाव ते, कायदे आपले आपणच केलेले. निल्वानं गिरकी घेतली, मैत्रिणीकडे, झेफाकडे झेपावली – आणि झेफा नेमकी निसटलेली चप्पल शोधायला खाली वाकली. पुंगा बसला तिच्यामागे उभ्या असलेल्या एका परक्या पोराच्या पोटाला.

पोरगा क्षणभर गडबडला. मग काय केलं असेल त्यानं? बोलावलंय म्हटल्यावर सरळ रिंगणातच उतरला!

“अगं बाई, हा कुठला वळू सुटला?” कुणीतरी म्हातारी ओरडली आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण तो कुठला थांबायला! किंचित वाकून, टाचा जमिनीवर आपटत, आपल्याच धुंदीत त्यानं एक अख्खा फेरा घातला. मोठ्या ढोलवाल्यानं लबाडी करून त्याचा ठेका उचलला. फेरा संपला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की रिंगणात आपल्याखेरीज एक बाप्या नाही. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा.

“बायकांत नाचतोस, लाज नाही वाटत?” निल्वानं कमरेवर हात ठेवले.

“तू बोलावलंस म्हणून आलो. आमच्यात बोलावणं मोडत नाहीत.”

“तुमच्यात म्हणजे कुणात?”

“गामेलांत. पाण्यापलीकडच्या.”

“आदिवासी तू?” तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जुनी चड्डी, फुटबॉलचा विटलेला शर्ट. “मग डोक्यावरची पिसं कुठायत?”

“तू किलोंबोची ना?” तो हळूच म्हणाला. “मग पायातला साखळदंड कुठाय?”

निल्वाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आणि मग दुप्पट होऊन परत आलं. जशास तसं देणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटला होता.

“साखळदंड पणजीनं तोडला,” ती म्हणाली.

“आमची पिसं पणजोबाच्या वेळी उपटली. आता परत उगवतायत.”

त्याचं नाव जुरांदिर. तो आजीला होडीतून, लांबचा वळसा घालून घेऊन आला होता. आजी गामेलांची मुख्य, आणि तिला बोलायचं होतं किलोंबोच्या मुख्य बाईशी, म्हणजे निल्वाच्याच आईशी, दोमिंगासशी. कारण म्हशीवाल्यानं तार घातली होती.

दोन गावांच्या मधली ती मैदानं पावसाळ्यात पाण्याखाली जातात. मग होडी घालून कुणीही कुठंही जावं, मासे धरावेत, पलीकडच्या बाबासूच्या झाडांखालचे नारळ वेचावेत. नारळ फोडायचे, तेल काढायचं, यावरच तर किलोंबोच्या बायांची घरं चालत. पण म्हशींच्या त्या बड्या मालकानं एके दिवशी पाण्यातच खांब रोवले, काटेरी तार ओढली आणि जाहीर केलं, सगळं माझं. पलीकडे राहणारे गामेला? छे, गामेला कधीच संपले, हे कुणी घुसखोर आहेत!

दोमिंगास आणि ती आजी त्या दिवशी बराच वेळ बोलत बसल्या. तार दोन्ही गावांनी मिळून काढायची, इथपर्यंत बोलणं आलं. पोरंही बोलत बसली होती, पण त्यांचं कुठपर्यंत आलं ते कोण सांगणार!

त्यानंतर निल्वाची होडी रोज त्या तारेकडेच वळायला लागली. मासे तिकडेच लागतात, असं ती आईला सांगे. टोपली रिकामीच परत येई आणि आई काही विचारत नसे. जुरांदिर तारेपलीकडून येई. पाऊस भुरभुरत असे. कधी पाणकोंबड्या उडत, कधी दोघांच्या होड्या तारेला टेकून नुसत्या डुलत. एकदा त्यानं भोपळ्याच्या वाडग्यात जुसाराच्या जांभळ्या फळांचा दाट रस आणला, वर कसाव्याचं पीठ आणि सुकी कोळंबी. काट्यांमधून जपून वाडगा पलीकडे दिला. बोटांना बोटं लागली... आणि जरा जास्तच वेळ लागून राहिली.

“तुझे ओठ जांभळे झालेत,” तो म्हणाला.

“ओठांकडे कशाला बघतोस? मासे बघ.”

“मासे इतके बोलत नाहीत.”

“मग जा, एखाद्या माशाशीच लग्न कर!”

“लग्नाचं मी कुठं काढलं?” जुरांदिर डोळे मोठे करून म्हणाला. “काढलंस तू!”

निल्वानं वल्ह्यानं असं पाणी उडवलं की तो नखशिखांत भिजला. घरी परत जाताना ती सबंध वाट एकटीच हसत होती, आणि मनातून घाबरलीही होती. इतकं कुणी आवडलेलं बरं नव्हे, असं तिला वाटत होतं.

आणि मग एव्हाल्दो आला. म्हशीवाल्याचा कारभारी, मोटरबोटीतून, गोड हसत. माणसं लावून त्यानं तारेत एक लोखंडी फाटक बसवलं, त्याला हे एवढं कुलूप घातलं आणि किल्ली आणून दोमिंगासच्या हातावर ठेवली.

“ताई, मालकांचं तुमच्यावर प्रेम आहे. हे फाटक तुमच्या बायांसाठी. हवे तितके नारळ न्या. फक्त एक करा. पलीकडे कुणी गामेला-बिमेला नाहीत, तेवढं गावानं लिहून द्यायचं. बास!”

रविवारी गावसभेत ठरणार होतं. निल्वा दोन्ही बाजू तोलून बघत होती. गावानं लिहून दिलं तर पोलीस येणार, गामेलांना उठवणार आणि जुरांदिर कुठल्या तरी शहराच्या कडेला विटा वाहत बसणार. आणि नाही लिहून दिलं तर? चुलीवर ठेवायला काही नाही, अशी घरं गावात कमी नव्हती. हेही ती डोळ्यांनी बघत होती.

आंब्याखाली सगळं गाव जमलं. तेओदोरा मावशी पहिल्यांदा उठली. मावशीचे गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत.

“गामेला चांगले आहेत, मी कुठं नाही म्हणते? पण माझ्या चुलीचं कोण बघणार? किल्ली आली आहे घरी चालत. घ्यावी!”

बऱ्याच माना हलल्या. निल्वा उभी राहिली.

“ही आता बोलणारच!” मावशीनं तिथल्या तिथं टोला हाणला. “हिचा तो बसलाय ना पलीकडे!”

सभा खो खो हसली. झेफानं तोंड पदरात – नाही, घागऱ्याच्या झालरीत लपवलं. दोमिंगास जमिनीकडे बघत राहिली. पण निल्वा खाली बसली नाही.

“हो, बसलाय,” ती म्हणाली. “आवडतो मला. आवडतो कसला, जीव आहे माझा त्याच्यावर! झालं समाधान? आता तो बाजूला ठेवा आणि ऐका. उद्या जुरांदिर कोळंबी घशात अडकून मेला ना, तरी ती तार तिथंच असणार आहे. किल्ली कुणी दिली, मावशी? ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ना? परवापर्यंत त्या पाण्याला कुलूपच नव्हतं!”

हसू थांबलं होतं.

“आणि ‘पलीकडे कुणी नाही’ असं लिहून द्यायचं? आजोबांच्या वेळी शहरातून एक साहेब आला होता, आठवतंय? ‘इथे कुणी राहत नाही’ असं कागदावर लिहून निघून गेला. आपण चुलीपुढे बसलेलो, भात रटरटत होता, साहेबानं आपलीच कॉफी प्यायली... आणि आपण नव्हतो! तेव्हा आपण आहोत असं सांगायला शेजारी कोण उभं राहिलं? कुणी नाही. आज आपणच गामेलांना नाहीसं केलं, तर उद्या आपण आहोत हे कोण सांगणार? म्हशी?”

मग तेओदोरा मावशीनं डोक्याचा रुमाल उगीचच सोडून पुन्हा बांधला.

“कार्टी बोलते चांगलं,” ती कुरकुरली. “पण माझे नारळ?”

“नारळ तारेपलीकडे आहेत. तार काढू!”

आधी मावशीचाच हात वर गेला. मग इतके हात वर झाले की मोजायची गरजच राहिली नाही. दोमिंगासनं किल्ली लेकीच्या हातात कोंबली. “जा, त्या म्हातारीला सांगून ये. आणि हे मढं पण दाखव तिला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मासे तिकडे लागतात म्हणे!”

निल्वा होडीत बसली, पाण्याच्या मधोमध आली आणि मग कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या गावाला कळलं की! म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळलं, कोंबड्यांनासुद्धा कळलं असेल, आणि ज्याला कळायला हवं तोच तेवढा राहिला. आता त्याला सांगायचं कसं? पाऊस बारीक पडत होता. फाटक दिसायला लागलं, आणि फाटकापलीकडे एक होडी. जुरांदिर तिच्याकडेच येत होता.

“मी तुमच्याकडेच निघालो होतो,” तो धापा टाकत म्हणाला आणि त्यानं मूठ उघडली.

तळव्यावर किल्ली होती.

निल्वानं आपली मूठ उघडली. दोघं एकदा या किल्लीकडे, एकदा त्या किल्लीकडे बघत राहिली. तिनं आपली कुलपात घातली – खट्. पुन्हा लावलं. त्यानं आपली घातली – खट्.

“तुम्हाला काय म्हणाला एव्हाल्दो?” तिनं विचारलं.

“फाटक तुमचं, झाडं तुमची. फक्त त्या काळ्या बाया इथं कधीच येत नव्हत्या, असं लिहून द्या.”

“मेल्यानं एकच फाटक दोघांना वाटलं!” निल्वा संतापली. मग घाबरून तिनं विचारलं, “मग? काय ठरलं तुमचं?”

“काल सभा झाली. नाही म्हणायचं ठरलं.” तो पाण्यात बोट फिरवायला लागला. “सोपं नव्हतं. मी बोलायला उठलो तर मामा म्हणाला, ह्याचं काय ऐकता, हा त्या किलोंबोच्या पोरीच्या नादी लागलाय.”

“आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं... लागलोय.”

“सगळ्यांसमोर?”

“आजीसमोर. मामासमोर. सगळ्यांसमोर. म्हटलं, ती नाही म्हणाली तरी मी तिचाच राहणार, पण तारेचं बोला आधी.”

निल्वाला हसू फुटलं. इतकं, की होडी डगमगायला लागली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“मला सोडून सगळ्या गावाला सांगितलंस? काय म्हणावं तुला!”

“हसतेस काय? तू असतीस तर काय केलं असतंस?”

“तेच केलं,” ती म्हणाली. “आत्ता. आंब्याखाली.”

जुरांदिरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो तसाच फाटकातून तिच्या होडीत आला, होडी कलंडता कलंडता राहिली, आणि पुढं बराच वेळ दोघांनी तारेचं नाव काढलं नाही.

तार निघाली ती बुधवारी, भर दिवसा, ढोल वाजवत. इकडून किलोंबोच्या होड्या, तिकडून गामेलांच्या. पक्कडी चालल्या, खांब उपटले, तारेची भेंडोळी झाली. गामेलांच्या बाया निल्वाकडे बोट दाखवत एकमेकींना विचारत होत्या, “हीच का गं ती?” आणि तेओदोरा मावशी जुरांदिरला ओरडत होती, “जावई, जरा जोर लाव की!” एव्हाल्दोची मोटरबोट आली, लांबच थांबली. एवढ्या होड्या बघून त्याचं हसू मावळलं होतं.

“फाटकाला हात नाही लावला हो!” दोमिंगासनं हाळी दिली. “तुमच्या मालकांनी प्रेमानं दिलेलं. कुलूप पण लावून ठेवलंय!”

आणि खरंच, संध्याकाळी त्या मोकळ्या पाण्यात फाटक तेवढं उभं होतं. इकडे तार नाही, तिकडे तार नाही, मधे हे कुलूपबंद शहाणं! पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोक हसत घरी निघाले होते.

निल्वा आणि जुरांदिर एकाच होडीत होते. वल्ही त्याच्या हातात होती.

“कुठल्या काठाला लावू?” त्यानं विचारलं.

“कुठल्याही लाव,” निल्वा म्हणाली. “दोन्हीकडे माझीच माणसं आहेत.”

जुरांदिरनं वल्ही होडीत ठेवली आणि आधी तिचा हात धरला.