सगळ्यात खालच्या पायरीवरची माळ

"पुन्हा बदललं! अगं, पुन्हा बदललं!" पोपट संग्रहालयाच्या जिन्यावरून ओरडतच खाली आला.

"हळू बोल," चष्मिष म्हणाली. "संचालकांनी ऐकलं तर आपली धडगत नाही."

"ऐकायचं काय राहिलंय? त्यांनीच आधी पाहिलं! कमरेवर हात ठेवून उभे आहेत."

तिघंही धडधडत वर गेले. तिघं म्हणजे सातवीतली चष्मिष, तिच्याच वर्गातला पोपट आणि पोपटाचा धाकटा भाऊ शेपूट. पोपट जाईल तिथे हा मागे हजर, मग दुसरं काय नाव पडणार?

इतिहासाच्या बाईंनी या सुट्टीत संग्रहालयात एक वर्ग सुरू केला होता. जगातले धर्म शेजारी शेजारी ठेवून समजून घ्यायचे आणि न घाबरता प्रश्न विचारायचे. पहिलं प्रदर्शन जपाच्या माळांचं होतं. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांतून चार माळा आल्या होत्या. चार घरच्या चार माळा, पण दिसायला चुलत बहिणी! संचालकांनी त्या एका लाकडी मांडणीच्या चार पायऱ्यांवर, मखमली गाद्यांवर स्वतःच्या हातांनी मांडल्या होत्या.

आणि त्या रोज जागा बदलत होत्या.

"हा पोरखेळ तुमचाच!" संचालक गरजले. "आणखी एकदा माळ हलली, तर हे दालन बंद आणि तुमच्या बाईंचा वर्गही बंद!"

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. हे दालन मिळवायला त्यांनी किती खेटे घातले होते, ते मुलांना ठाऊक होतं. चष्मिषला फार वाईट वाटलं, आणि मग फार रागही आला.

संचालक गेल्यावर ती मांडणीजवळ उकिडवी बसली. "पोपटा, इकडे बघ. माळेबरोबर नावाची चिठ्ठीसुद्धा नीट हलवलीय. गादीला सुरकुती नाही. आणि या लाकडावर बोटांचे ओले डाग उमटून वाळलेत."

"म्हणजे चोर हात धुऊन आला होता?"

"चोर कसला! चोर कधी हात धुऊन येतो का?"

"आपल्या मात्र हात धुऊन मागे लागलाय!" पोपट म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

"दात काढू नकोस. रोज सकाळी खालची माळ वर गेलेली असते आणि तिच्या वरची खाली आलेली असते. सगळ्यात वरची माळ मात्र एकदाही हललेली नाही."

हे सगळं कधी घडत असेल? संध्याकाळी दालनाला कुलूप लागायचं. दुपारी मात्र रखवालदार जेवायला जायचा आणि दार नुसतं लोटलेलं असायचं. बेत ठरला! मांडणीवरून जमिनीपर्यंत कापड सोडलेलं होतं. आत फक्त शेपूट मावत होता.

"मीच का?" शेपूट म्हणाला.

"कारण तू लहान आहेस, शूर आहेस आणि आत बसलास तर उद्या माझी सायकल तुझी."

शेपूट आत शिरला. ते दोघं पडद्यामागे उभे राहिले. थोड्या वेळाने दार करकरलं आणि आत आले बँडमास्तर! ख्रिस्ती माळ त्यांचीच होती आणि आज तीच सगळ्यात खाली होती. त्यांनी हात रुमालाला पुसले, दोन पायऱ्या वरची बौद्ध माळ दोन्ही हातांनी उचलली, "माफ कर हं," असं पुटपुटले आणि दोन्हींची अदलाबदल करून निघून गेले.

"अरे बापरे! बँडमास्तर!" पोपट कुजबुजला. चष्मिषने त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण दार पुन्हा करकरलं होतं.

आता आले चष्म्याचे दुकानदार काका. बौद्ध माळ त्यांच्या पत्नीची होती. तिला खाली पाहून त्यांनी सुस्कारा सोडला, तिला एक पायरी वर ठेवलं आणि तिथली मुस्लिम माळ अलगद खाली आणली. ते गेले न गेले तोच ओले हात झटकत शिवणकामवाल्या मावशी हजर! ती माळ त्यांच्या वडिलांची होती.

"पुन्हा खालीच?" त्या हळहळल्या आणि वाकल्या.

"आक्छी!"

"अगंबाई, पायरी शिंकली!" मावशी दोन हात मागे उडाल्या.

कापडातून धुळीने माखलेला शेपूट बाहेर आला. पोपट धावत जाऊन काकांना आणि बँडमास्तरांना परत घेऊन आला, आणि चष्मिष बाईंना. तीन मोठी माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. तिघांचेही चेहरे पडले होते.

"मला वाटलं, सफाई करताना खाली जात असेल," काका म्हणाले. "अब्बांची माळ लोकांच्या पायांशी, मला बघवेना हो," मावशी म्हणाल्या. "पण तुमच्यापैकी कुणाची तरी खाली जातेय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग सगळ्यात वरची का नाही हलवलीत?" चष्मिषने विचारलं.

बँडमास्तर खाली बघत म्हणाले, "ती संचालकांच्या आईंची आहे ना, बाळा."

चष्मिषने वर पाहिलं. वरच्या पायरीवर रुद्राक्षांची माळ होती. तिच्या आजीकडेही तशीच होती. आपल्याला हे इतके दिवस खटकलं कसं नाही? आपलीच माळ वर होती म्हणून! तिचे कान गरम झाले, आणि हे तिने सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

इतक्यात संचालक आलेच. "इथे काय सभा भरलीय?"

"सर, एकच विचारायचं होतं," चष्मिष अगदी साळसूदपणे म्हणाली. "माळा कोणत्या क्रमाने लावल्यात?"

"क्रम कसला? दिसायला छान दिसाव्यात म्हणून लावल्या! सगळे धर्म सारखेच."

"मग ही वरची खाली ठेवली तर चालेल ना?" पोपटाने विचारलं आणि हात पुढे केला.

"खाली? आईची माळ?" संचालक ओरडले आणि तिथेच थांबले. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग काकांकडे, मग बँडमास्तरांकडे. माणूस धांदरट होता, पण मनाचा खोटा नव्हता. ते खाली बसले आणि म्हणाले, "चुकलंच माझं. पोरांनो, उगाच तुमच्यावर ओरडलो."

मग काय, कामाची झुंबड उडाली! वाचनकक्षातलं गोल टेबल वर आलं. चारही माळा एकाच उंचीवर मांडल्या गेल्या. प्रत्येकीसमोर बाईंनी तेच तीन प्रश्न ठेवले. ही माळ कशी वापरता? ती हातात घेतल्यावर मनात काय येतं? तुमच्या धर्मातलं काय तुम्हाला पटत नाही?

"तिसरा प्रश्न काढा," संचालक म्हणाले. "लोक दुखावतील."

"दुसऱ्याने बोट दाखवलं तर दुखावतील. इथे ज्याचं त्यानेच सांगायचंय," बाई म्हणाल्या. "आपलं फक्त चांगलं आणि दुसऱ्याचं फक्त वाईट समोर ठेवलं, तर ती तुलना नव्हे, भांडण झालं."

उद्घाटनाला दालन फुलून गेलं. बँडमास्तरांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी चर्चमधली पुढची बाकं श्रीमंतांसाठी असायची. मावशी म्हणाल्या, "प्रार्थनेच्या जागी बायकांना कोपराच मिळतो. मला ते मान्य नाही." काका म्हणाले, "आम्ही करुणा शिकवतो, पण आमच्याही लोकांनी कुठे कुठे शेजाऱ्यांवर हात उचललाय. ते आमचे नव्हेतच, असं म्हणून मला सुटता येत नाही."

मग संचालक उठले. "आम्ही माणसांचीच उतरंड लावली. काहींना देवळाची पायरीही चढू दिली नाही. आणि मी परवा माळा मांडल्या, त्याही तशाच. ते या मुलांनी मला दाखवलं."

पहिल्या रांगेतल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईने शेपटाला जवळ बोलावून त्याचा गालगुच्चा घेतला. "शाबास रे माझ्या राजा! माझ्या लेकाला इतकी वर्षं मी शिकवतेय, ते तुम्ही एका सुट्टीत शिकवलंत."

सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने संचालक. त्यांनी तिथेच दालनाची किल्ली बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वर्ग बंद करायचा नाही. वर्षभर चालवायचा." बाईंनी मुलांकडे पाहिलं, आणि चष्मिषला चष्मा काढून पुसावा लागला.