बैठमाप ब्याऐंशी

शाळेत तेजलचं बैठमाप एकोणऐंशी भरलं आणि यंत्रानं पुढचा अंदाज छापला : एक्याण्णव. बाईंनी प्रगतिपुस्तकावर लाल शिक्का मारला. पोर सहावीत, गणितात वर्गात पहिली. पण त्या शिक्क्यापुढे गणित कोण विचारतो?

बैठमाप म्हणजे स्टुलावर ताठ बसवून बुडापासून टाळूपर्यंत घेतलेली उंची. ब्याऐंशी सेंटिमीटरपर्यंत असाल तर ठेंगण्या छपराच्या वेगवान गाड्यांचा वातमार्ग तुमचा, त्याच्या वर गेलात तर जुना रस्ता. कॉलेज, मोठं इस्पितळ, नोकरी, सगळं वातमार्गाच्या त्या टोकाला. जुन्या रस्त्यावर मोठमोठाले खड्डे आणि आठवड्यातून दोनदा सुटणारी एक खटारा बस. तेजलची आई कमल अंगानं उंच, बैठमाप नव्वद. तिची आई वारली तेव्हा त्या बसनं निघालेली कमल दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर राखही थंड झाली होती. तेव्हापासून ती गावाबाहेर पडलेली नाही.

लाल शिक्क्यावर उपाय एकच होता, वाढबंदी. मणक्यांच्या टोकाला जी कोवळी कूर्चा असते, तिथून हाड वाढतं. ती इंजेक्शनांनी वेळेआधी पक्की करून टाकायची की माणूस तिथंच थांबला. पाठ जन्मभर दुखते, पण छपराखाली डोकं मावतं. अर्जावर आईबापांची सही लागते. कमलची झाली होती. तेजलच्या बापाचा, विश्राम पाचर्णेचा हात मात्र कागदापाशी जाऊन परत येत होता, आणि त्यामागचं कारण त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

विश्राम गाड्यांचे मातीचे नमुने घडवणारा कारागीर. गाडी पत्र्यात उतरण्याआधी खऱ्या आकाराची मातीत घडवतात. पात्यानं तासत तासत तिला रूप देतात. बावीस वर्षांपूर्वी पहिली वातमार्गी गाडी घडली ती त्याच्या हातून. म्हणून त्यानं तिसऱ्या दिवशी सरळ डॉ. हेमांगी सबनीसांचं ऑफिस गाठलं. हवेच्या प्रवाहाच्या त्या शास्त्रज्ञ, तेव्हा त्याच कारखान्यात होत्या आणि आता उंची समितीच्या प्रमुख.

"मॅडम, छप्पर नऊ सेंटिमीटर वर घ्या," तो बसता बसता म्हणाला. "नऊच."

सबनीसबाईंनी चहा मागवला. माणूस हातघाईवर आलेला दिसला की त्या आधी चहा मागवत. "विश्राम, विजेच्या छोट्या गाड्या आधी कशा दिसायच्या आठवतं?"

"कपाटाला चाकं लावल्यासारख्या."

"का? तर बॅटरी पायाखाली. तिच्या जाडीनं फरशी वर, म्हणून सीट वर, म्हणून छप्पर वर. लांबी-रुंदी आखूड आणि उंची एवढी. बॅटरीचं वजन तळाला असल्यानं गाडी लगेच उलटायची नाही, पण बाजूनं वारा आला की शीड असल्यासारखी ढकलली जायची आणि वळणावर डोलायची. छप्पर खाली आणलं आणि दिसणं, चालणं दोन्ही सुधारलं."

"ते मला सांगता? मीच तासलं ते."

"मग पुढचंही ऐका. वातमार्गावर गाड्या वीतभर अंतरानं धावतात, एकशेऐंशीच्या वेगानं. पहिली हवा कापते, बाकीच्या तिच्या आडोशानं निम्म्या विजेत जातात. हे जमतं कारण सगळ्यांची छपरं एका रेषेत आहेत. एक जरी उंच घुसली, तर तिच्यामागं हवा घुसळते आणि मागची गाडी थरथरायला लागते. वीतभर अंतरात थरथर म्हणजे मढी मोजायची. तुमच्या एका मुलीसाठी नऊ सेंटिमीटर म्हणजे चाळीस लाख गाड्या मोडीत. कोण करणार?"

विश्रामनं कप खाली ठेवला. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला हीच जागा होती.

"ते माप चुकीचं आहे, मॅडम. सरासरी माणसाच्या मापाचा पुतळा चाचणी विभागात असायचा. तो मागवायचा तर अर्ज करा, तीन दिवस थांबा. म्हणून आमच्याकडे पद्धतच पडली होती, 'विश्राम, बस मापाला.' मी सगळ्यांत बुटका, नमुन्याच्या सांगाड्यात चटकन शिरायचो. त्या दिवशीही बसलो. साहेबांनी विचारलं, डोकं लागतं का? लागत होतं. पण छपराची ती रेषा इतकी देखणी उतरली होती की तिला हात लावायचा जीव होईना. मी मान जराशी आत घेतली आणि म्हणालो, नाही लागत. माझं बैठमाप ब्याऐंशी, तीच सगळ्यांची मर्यादा झाली."

सबनीसबाईंनी उठून दार लावून घेतलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पुढच्याच वर्षी पुतळा बसवून पाहिला, बसला नाही. पण तोवर दोनशे किलोमीटर मार्ग बांधून झाला होता. आम्ही पुतळा बदलला."

विश्रामला वाटलं होतं, चूक कबूल केली की कुणीतरी ती दुरुस्त करेल. त्याला स्वतःची लाज वाटली, बाईंचा राग आला, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. परतीच्या गाडीत तो मान जराशी आत घेऊन, बेतून शिवल्यासारखा बसला. घरी येऊन त्यानं सही केली.

इंजेक्शनं आठ महिने चालली. तेजल रात्री कण्हायची, दिवसा मात्र तक्रार नाही. "पप्पा, मी पुण्याला शिकणार ना? मग चालेल," एवढंच म्हणायची. कमल तिची पाठ शेकायची आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात जायची. वाढ थांबली ती साडेएक्याऐंशीवर. डॉक्टरांनी हिरवा शिक्का दिला. घरात शिरा झाला, आणि कमल कित्येक वर्षांनी मोकळी हसली.

तिसऱ्या आठवड्यात उंची समितीचं पत्रक आलं. पुढच्या वर्षापासून बैठमापाची मर्यादा अठ्ठ्याहत्तर. विश्रामनं सबनीसबाईंना फोन लावला.

"मॅडम, छप्पर वर न्यायला गाड्या मोडाव्या लागतात म्हणालात. खाली आणायला नाही लागत?"

"लागतात. पण त्याला कंपन्या तयार आहेत, कारण त्यात वेग वाढतो." आवाज थकलेला होता. "वाढबंदीनं नव्या पिढीची सरासरी उतरलीय, विश्राम. आकडे समोर आल्यावर समिती म्हणाली, माणसं लहान झालीत तर छप्पर कशाला उंच ठेवायचं? मी विरोधात मत दिलं. एकटीनंच."

"आणि ही सरासरी आणखी उतरली की?"

"मग पुन्हा बैठक होईल."

त्यानं फोन ठेवला. तेजल पत्रक वाचून उंबऱ्यात उभी होती, एक हात कमरेवर दाबून. रडत नव्हती. वजाबाकीचं गणित सोडवताना असायचा तसा चेहरा.

"साडेतीनच सेंटिमीटर जास्त आहेत, पप्पा," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारा ना, झालेलं हाड कापून कमी करता येतं का?"

विश्रामला विचारायची गरज नव्हती. येत होतं. वातमार्गाच्या त्या टोकाला तसले दोन दवाखाने त्याच महिन्यात उघडले होते, आणि तिथली यादी सहा महिन्यांपर्यंत भरलेली होती.